वाचकांचे प्रश्न : पहिला दिवस कोणता, जीवखडा कुठे गेला आणि उठावना करायचा का?

इंदुरातल्या मराठी घरात कोणी गेलं की तासाभरात सल्ले सुरू होतात. पुण्याहून फोनवर काका एक सांगतात, शेजारचे भय्याजी दुसरं आणि गुरुजी तिसरं. तिघंही मनापासून सांगत असतात आणि बहुतेक वेळा तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. घोटाळा होतो तो शास्त्र, देशाचार आणि कुळाचार एकाच मापाने मोजल्यामुळे. या वेळच्या पत्रांपैकी बरीच याच घोटाळ्याबद्दल आहेत.

वडील मंगळवारी रात्री, म्हणजे बुधवार उजाडण्याआधी अडीच वाजता गेले. पुण्याचा भाऊ मंगळवार पहिला दिवस धरतो, इथले गुरुजी बुधवार. शिवाय मुक्तिधामात, म्हणजे स्मशानात, कोणी तरी वहीत ‘भाद्रपद कृष्ण पंचमी’ लिहिलं आणि आमच्या पंचांगात श्रावण वद्य आहे. वर्षश्राद्ध कोणत्या महिन्यात करायचं? (राजेंद्रनगर)

तुमचे हे दोन वेगळे हिशोब आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. सुतक, दहावा, तेरावा हे दिवसांवर मोजतात. श्राद्ध तिथीवर धरतात.

आधी दिवस. रात्री मृत्यू झाला तर तो कोणत्या दिवसाचा, यावर ग्रंथांत तीन मतं आहेत. पहिलं, सूर्योदयापर्यंत आदलाच दिवस. दुसरं, मध्यरात्रीनंतर पुढचा दिवस. तिसरं, रात्रीचे तीन भाग करायचे, पहिले दोन आदल्या दिवसाचे, शेवटचा पुढच्या दिवसाचा. सहाला सूर्यास्त आणि सहाला सूर्योदय धरला तर शेवटचा भाग दोन वाजता सुरू होतो, म्हणजे अडीचची वेळ बुधवारात जाते. भाऊ पहिल्या मताने चालला आहे, गुरुजी दुसऱ्या किंवा तिसऱ्या. चूक कोणाचीच नाही. ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ १७९० च्या सुमारास लिहिला गेला आणि मराठी घरांत आजही त्याचाच आधार घेतात. त्यातही शेवटी देशाचाराप्रमाणे ठरवा असंच म्हटलं आहे. आमचं मत असं, की दहाव्याला जे गुरुजी बसणार त्यांचा हिशोब धरावा आणि तो पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना कळवावा. बुधवार पहिला धरला तर अस्थिसंचय शुक्रवारी, दहावा पुढच्या शुक्रवारी आणि तेरावा त्यानंतरच्या सोमवारी येतो. हे कागदावर लिहून दारामागे लावा. तसं केलं नाही तर अर्धं घर गुरुवारी सुतक सोडतं, अर्धं शुक्रवारी, आणि घाटावर जायची गाडी चुकीच्या दिवसाची ठरते.

आता तिथी. शेवटचा श्वास गेला त्या क्षणी चालू असलेली तिथी धरायची, सकाळी उजाडताना असलेली नाही. तिथी कधी संपते ती वेळ पंचांगात छापलेली असते, म्हणून मृत्यूची वेळ तास-मिनिटांसकट लिहून ठेवा.

महिन्याचा प्रश्न खास आपल्या माळव्यातला. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगात पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचं महिन्याचं नाव एकच असतं. वद्य पक्ष आला की हिंदी पंचांग एक नाव पुढे जातं. गोकुळाष्टमी आठवली की हे पक्कं लक्षात राहतं. आपण तिला श्रावण वद्य अष्टमी म्हणतो, शेजारी भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात, आणि दहीहंडी एकाच वेळी फुटते. तेव्हा वहीतली भाद्रपद कृष्ण पंचमी म्हणजेच तुमची श्रावण वद्य पंचमी. पण पुढच्या वर्षी कोणी ती वही पाहून मराठी पंचांगात भाद्रपद वद्य पंचमी शोधली, तर वर्षश्राद्ध एक महिना उशिरा होतं, तेही पितृपक्षात. ही चूक इथल्या घरांत वारंवार होते आणि दोन-तीन वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात येते. म्हणून लिहितानाच ‘श्रावण वद्य पंचमी, मराठी पंचांग’ असं पूर्ण लिहा.

श्राद्धाच्या दिवशी ती तिथी अपराह्णात असावी लागते. दिवसाचे पाच भाग केले तर चौथा भाग अपराह्ण. बारा तासांचा दिवस असेल तर साधारण दुपारी १.१२ ते ३.३६. कॅलेंडरवरच्या चौकोनात सूर्योदयाची तिथी असते, त्यामुळे श्राद्ध कधी कधी आदल्या दिवशी येतं.

शेजाऱ्यांनी धावपळ करून अर्थी (तिरडी), कंडे (गोवऱ्या), राळ सगळं आणलं. पण मडकं एकच होतं, तेही फुटेना, आणि जीवखडा कुठे गेला ते दहाव्यापर्यंत कळलं नाही. मराठी पद्धतीला नेमकं काय लागतं? उठावनाही करायचा का? (सुदामानगर)

तिरडीला साधारण सात फुटांचे दोन बांबू, आडव्या सहा-सात कामट्या आणि बांधायला सुतळी किंवा काथ्या. नायलॉनची दोरी नको, ती वितळून चिकटते. वर गवत किंवा कडबा, त्यावर कोरं पांढरं कापड पाच मीटर. हार, तुळस, काळे तीळ, दर्भ, तांदूळ, थोडं कणकेचं पीठ, एक-दीड किलो तूप.

मडकी दोन. छोट्यात पेटलेली गोवरी ठेवून अग्नी न्यायचा. ते तीन काटक्यांच्या तिकाटण्यात सुतळीने टांगतात आणि अग्नी देणारा ते धरून तिरडीच्या पुढे चालतो. दुसरं पाण्याचं, चार-पाच लिटरचं. माळवी पद्धतीत आपल्यासारखी दोन मडकी लागतातच असं नाही, म्हणून शेजारी एकच आणतात. त्यांना आधी सांगायला हवं.

मडकं फुटलं नाही, कारण बहुधा ते उन्हाळ्यात पाणी गार करायचं जाड भाजणीचं असणार. त्यावर दगड घसरतो, दोन-तीनदा मारूनही टवका उडतो, भोक पडत नाही, आणि मुलगा भांबावून थांबतो. कुंभाराकडे पातळ, कमी भाजलेलं मडकं मागा. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजलं तर ते कडक आहे असं समजा.

क्रम असा. घरातून निघाल्यावर अर्ध्या वाटेत विसावा असतो. तिरडी खाली ठेवून खांदेकरी जागा बदलतात. तिथेच किंवा स्मशानात लिंबाएवढा एक दगड उचलतात, तोच अश्मा, आपण त्याला जीवखडा म्हणतो. चितेला अग्नी दिल्यावर मुलगा पाण्याचं मडकं डाव्या खांद्यावर घेऊन उलट्या दिशेने तीन फेऱ्या मारतो. मागचा माणूस त्याच दगडाने प्रत्येक फेरीला एक भोक पाडतो, पाण्याची धार चितेभोवती पडत जाते. तिसऱ्या फेरीनंतर मागे न बघता मडकं पाठीमागे टाकायचं. नेमक्या याच वेळी जीवखडा हरवतो. मागचा माणूस मडक्याबरोबर दगडही टाकून देतो आणि संध्याकाळी झाडताना खापऱ्यांबरोबर तो जातो. पुढे दहा दिवस तिलांजली याच दगडावर द्यायची असते. म्हणून घरातून निघतानाच एका भाच्याला किंवा पुतण्याला एवढं एकच काम द्या: भोक पाडून झालं की दगड हातात घ्यायचा आणि पांढऱ्या कापडात बांधून ठेवायचा.

डोकं दक्षिणेला की पाय दक्षिणेला, यावर स्मशानात वाद घालू नका. दोन्ही पद्धती घराघरांत आहेत. तुमच्या घरी आधीच्या वेळी जसं केलं तसं करा.

कंड्यांना बिचकू नका. माळव्यात चितेला गोवऱ्या पूर्वापार वापरतात. त्या सावकाश आणि एकसारख्या जळतात आणि लाकूड कमी लागतं. नुसत्या लाकडाची चिता तीन-चार क्विंटल खाते. अट एकच, कंडे खडखडीत कोरडे हवेत. पावसाळ्यात आतून ओलसर राहिलेले कंडे धूर करतात, ज्वाळा धरत नाहीत, मग कोणी तरी रॉकेल आणायला पळतो. त्यापेक्षा तळाला चिरलेल्या कोरड्या लाकडांचा एक थर ठेवा आणि राळ थोडी थोडी टाका. मूठभर राळ एकदम टाकली तर भडका उडून जवळच्या माणसाला लागतो.

उठावना शास्त्रात नाही, तो या भागाचा लोकाचार आहे. तिसऱ्या दिवशी तासभर फोटोपुढे बसायचं, येणारा फुलं वाहून हात जोडून जातो. आमच्या मते तो जरूर करावा. ज्या शहरात शेजारी अर्थी बांधायला धावून आले, त्या शेजाऱ्यांना भेटायची ही रीत आहे. आपल्या दहाव्या-तेराव्याला त्याने काहीच धक्का लागत नाही. फक्त अस्थिसंचय त्याच दिवशी सकाळी असतो, म्हणून उठावन्याची वेळ चारच्या पुढची ठेवा. आणि बाहेरून रीती घेणं आपल्याकडे काल सुरू झालेलं नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या पाहा. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांच्या त्या स्मृती आहेत. दहन झालेल्या माणसासाठी अशी शिखराची, नक्षीची छत्री बांधायची पद्धत मराठी सरदारांनी राजपूत मुलखातून उचलली आणि तिला आपलं रूप दिलं. मल्हारराव १७६६ मध्ये आलमपूरला वारले, तर त्यांची छत्री आलमपुरातच उभी राहिली.

विद्युत दाहिनीत दहन केलं तर हे विधी होतात का? (तिलकनगर)

होतात. आत ढकलण्यापूर्वी जे व्हायचं ते सगळं बाहेरच्या ओट्यावर करून घ्यायचं: तोंडात तुळशीपत्र आणि पाणी, पिंड, मडक्याच्या तीन फेऱ्या. जीवखडा इथेही उचलायचाच. गुरुजींना आधीच सांगा, कारण पाठीमागे पुढचे लोक थांबलेले असतात आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटपावं लागतं.

पेसमेकर असेल तर दहनाआधी तो काढलाच पाहिजे, दाहिनी असो की लाकडं. त्याच्या आतली बॅटरी उष्णतेने फुटते, दाहिनीचं अस्तर उडतं आणि चितेजवळचा माणूस जखमी होऊ शकतो. डॉक्टर छोटा छेद घेऊन दहा-पंधरा मिनिटांत काढतात. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर तिथेच काढून घ्या, घरी आणल्यावर कोणाला सुचत नाही. काचेच्या बांगड्या, चष्मा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले हार, अख्खे नारळ हेही काढून ठेवा.

अस्थी काही तासांत मिळतात. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं असेल तर कलशावर नाव, तारीख लिहून पक्कं बांधा. लाकडांच्या चितेवरून अस्थी वेचताना आधी दूध-पाणी शिंपडायचं, मग पायांकडून सुरुवात करून डोक्याकडे जायचं, अंगठा आणि अनामिका यांनी उचलायच्या. राख वरून गार वाटली तरी तिसऱ्या दिवशीही आत निखारा असतो, हात घालण्याआधी काठीने उकरून पाहा.

आम्ही दोघी बहिणीच. आईला अग्नी मी दिला तर चालेल का? एक काकू म्हणतात, शास्त्रात नाही. (लोकमान्यनगर)

शास्त्रात आहे. मुलगा नसेल तर पत्नी, मुलगी, मुलीचा मुलगा यांना अधिकार सांगितलेला आहे. लग्न झालेल्या मुलीला आई-वडिलांचं सुतक एरवी तीन दिवसांचं. पण जो अग्नी देतो त्याला दहा दिवस पाळावे लागतात, मग ती मुलगी असली तरी. सासरी हे आधी सांगून ठेवा, अडचण बहुधा तिथे येते. आणि गुरुजी ठरवताना फोनवरच विचारा, ‘मुलगी बसणार आहे, तुम्ही सांगाल ना?’ घाटावर पोचल्यावर नकार ऐकणं फार जिव्हारी लागतं.

बाबांची देहदानाची इच्छा होती. दहनच नाही, तर दहावा कसा करायचा? (वैशालीनगर)

आधी देहाचं पाहू, कारण तिथे वेळ थोडा असतो. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं. पंखा बंद करा, पापण्या मिटवा, त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली उशी देऊन ते थोडं उंच ठेवा. डोळे दिल्यावरही देहदान करता येतं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाला कळवायचं. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. आधी अर्ज भरलेला असला तरी त्या वेळी मुलांनी नाही म्हटलं तर देह घेत नाहीत. शवविच्छेदन झालेलं असेल, एचआयव्ही किंवा कावीळ ब सारखा संसर्ग असेल, तरी नकार येतो. तसं झालं तर लगेच दहनाची तयारी हाताशी हवी.

आता विधी. देह मिळत नाही तेव्हा काय करायचं हे जुन्या लोकांनी ठरवून ठेवलं आहे. बुडालेले, परदेशी वारलेले, लढाईत हरवलेले यांच्यासाठी पालाशविधी आहे. पळसाच्या पानांचे ३६० देठ माणसाच्या आकारात मांडून, दर्भाने बांधून, त्या प्रतिकृतीचं दहन करतात आणि तिथून दिवस मोजतात. काही गुरुजी देहदानालाही हाच विधी लावतात. काही घरं तो न करता देह सोपवला त्या दिवसापासून दिवस धरून दहाव्यापासूनची कृत्यं करतात. दोन्ही चालू आहे. आमचं मन दुसऱ्याकडे झुकतं. देह कुठे आहे हे ठाऊक असताना तो हरवला असं मानून प्रतिकृती जाळणं काही जणांना खटकतं, आणि ते खटकणं रास्त आहे.

अस्थी उज्जैनला न्याव्या की नर्मदेवर? आणि दहाव्याला कावळा शिवलाच नाही तर? (रामबाग)

दोन्हीकडे नेतात. उज्जैन पंचावन्नेक किलोमीटर, नर्मदेवरचा खेडीघाट साठ-पासष्ट. उज्जैनला रामघाट आणि सिद्धवट आहे, पिंडदानाची सोय आहे आणि तीर्थपुरोहितांच्या वह्यांत घराण्याची नावं सापडू शकतात. गोत्र, मूळ गाव, आजोबा-पणजोबांची नावं लिहून न्या. नर्मदेवर पाणी मोठं आणि गर्दी कमी. ज्यांचा जीव दोन्हीकडे ओढतो त्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की २०१४ पासून जोडयोजनेतून नर्मदेचं पाणी उज्जैनच्या क्षिप्रा नदीत सोडतात. कलशाचं लाल कापड, प्लॅस्टिक, हार पाण्यात टाकू नका, नुसत्या अस्थी सोडा.

कावळा न येण्याचं कारण बहुधा आपणच असतो. पिंडाभोवती वीस माणसं उभी, कोणी फोनवर बोलतंय, कोणी हातवारे करून ‘आला, आला’ म्हणतंय. कावळा झाडावरून मान वाकडी करून बघतो, एक उडी पुढे टाकतो आणि परत फिरतो. पिंड घाटाच्या कडेला, झाडाजवळ, उघड्यावर ठेवा. सगळ्यांनी पंधरा-वीस पावलं मागे जाऊन गप्प बसा. सकाळी लवकर न्या, ऊन चढलं की पक्षी सावली धरतात. कुत्री जवळ असतील तर एकाला लांब उभं करा. तरी नाहीच आला तर गेलेल्याच्या मनात राहिलेल्या गोष्टीचा शब्द द्यायची रीत आहे: धाकटीचं लग्न करू, आईला सांभाळू. पण जमेल तेवढंच बोला, तो शब्द सगळ्यांसमोर दिलेला असतो. तासाभरानंतर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. ती सोय शास्त्रातलीच आहे, काही कमी राहिलं असं मनात धरू नका.

महूच्या मराठी बौद्ध सहकाऱ्याचे वडील गेले. तिथे जाताना काय न्यावं, काय बोलावं? (नारायणबाग)

फुलं आणि मेणबत्ती पुरे. कपडे पांढरे किंवा साधे. भन्ते किंवा बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील म्हणतात, तेव्हा हात जोडून उभं राहावं. पिंड, कावळा, दहावा हे तिथे नसतं. पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, त्यात भोजनदान किंवा दान असतं. त्याला बोलावलं तर जा. ‘आत्म्याला शांती लाभो’ असं म्हणू नका, बौद्ध विचारात आत्मा मानलेला नाही. ‘आदरांजली’ म्हणा. तांब्यात गंगाजल घेऊन जाणारे लोकही असतात. भाव चांगला असतो, पण घरच्यांची अडचण होते.

मुलाला अमेरिकेत चुलत आजोबांची बातमी दीड महिन्यानंतर कळली. सुतक किती?

दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत कळलं तर तीन दिवस, म्हणजे तुमच्या मुलाला तीन. सहा महिन्यांपर्यंत दीड दिवस, नऊ महिन्यांपर्यंत एक दिवस, पुढे नुसती अंघोळ. आई-वडिलांचं मात्र मुलाला केव्हाही कळलं तरी कळल्यापासून पूर्ण दहा.

आई राहायला देवासला, गेली इंदूरच्या रुग्णालयात. मृत्यूचा दाखला कुठला, आणि घाई असते का?

मृत्यू जिथे झाला तिथला, म्हणजे इंदूर महापालिकेचा. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. नंतर विलंब शुल्क लागतं, ३० दिवस उलटले की वरची परवानगी लागते, वर्ष गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. रुग्णालय नोंद पाठवतं, पण नाव तुम्ही सांगाल तसंच जातं. मराठी घरांत इथेच अडतं: आधार कार्डावर माहेरचं पाळण्यातलं नाव, बँकेत लग्नानंतरचं, पेन्शनच्या कागदावर मधलं नाव गाळलेलं. रुग्णालयाचा अर्ज भरायला रडणाऱ्या मुलाला बसवू नका. एखाद्या जावयाच्या हातात आधार कार्ड देऊन त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवून घ्या, आणि मुक्तिधामाच्या पावतीवरही तेच नाव लिहायला सांगा. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून घ्या.